आइस प्लांट दर वसंतात मधोमध का कुजतो: थंडीवर संशय घेण्याआधी

मार्च संपता संपता बर्फ वितळतं आणि दर वर्षी तेच दिसतं. ऑक्टोबरपर्यंत जांभळ्या फुलांनी झाकलेली, जमिनीलगत पसरणाऱ्या जाड पानांच्या आइस प्लांटची गादी मधोमध काळी पडलेली असते. बोटानं दाबलं तर पचकते, आंबूस वास येतो. कडेला मात्र वीतभर हिरवी झालर शाबूत. काहींच्या बागेत सगळीच गादी तपकिरी होते आणि फांदी जरा ओढली की मुळापासून अलगद हातात येते. मग नवीन रोपं आणायची, उन्हाळाभर फुलं बघायची आणि पुढच्या मार्चला पुन्हा तोच काळा डाग.

मी अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरच्या दक्षिणेला राहते. माझ्या वाफ्यात हे लागोपाठ तीन वर्षं झालं आणि तिन्ही वर्षं मी थंडीला दोष दिला. तिसऱ्या हिवाळ्यात तर रोपांना ऊब मिळावी म्हणून त्यांच्यावर वाळक्या पानांचा जाड थर घातला. त्या वर्षी एकही रोप वाचलं नाही. पानं उचलली तेव्हा खालची माती पिळून पाणी निघेल इतकी ओली होती. तिथून माझी समजूत बदलली. या रोपाला मारते ती हिवाळ्यातली ओल. आणि जे खरोखर थंडीनं मरतं, ते बहुतेक वेळा आपण समजतो ते रोप नसतंच. लेबल चुकलेलं असतं किंवा संकराचं मूळ वेगळं असतं. दोन्ही कारणांचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आपल्याकडे यातलं काय घडलंय ते आधी ठरवायला हवं.

उपटण्याआधी थांबा

एप्रिलमध्ये रोप उपटून टाकणं ही सगळ्यात महागडी चूक. इथल्या बागेत आइस प्लांट म्हणून आपण लावतो तो मुख्यतः डेलोस्पर्मा हा गट. त्यातला जांभळ्या फुलांचा डेलोस्पर्मा कूपरी हिवाळ्यात अगदी दीनवाणा दिसतो. पानं सुरकुततात, मळकट होतात, निम्म्या फांद्या वाळतात. पिवळ्या फुलांचे प्रकार थंडीत गडद लाल, कधी तांबूस जांभळे होतात. हा लाल रंग आजार नाही. ऊन चढलं की तीच पानं परत हिरवी होतात.

डेन्व्हरच्या आसपास मी मेच्या मध्यापर्यंत कात्री हातात घेत नाही. तोवर एकच तपासणी करायची: जुन्या फांदीची साल नखानं जरा खरवडायची. आत हिरवं किंवा पांढरट ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे. आत तपकिरी, कोरडं आणि ठिसूळ असेल तर ती वाळून गेली. काळं आणि बुळबुळीत असेल तर ती कुजली. या शेवटच्या दोन्हींतला फरक महत्त्वाचा. कोरडं, ठिसूळ मरण म्हणजे थंडी, कोरडे वारे किंवा मुळं न धरलेलं रोप. काळं, बुळबुळीत मरण म्हणजे पाणी. माझ्याकडे लोक जे फोटो पाठवतात त्यांत दहापैकी आठ-नऊ वेळा दुसरा प्रकार असतो.

कुजलेला भाग दिसला की तो मात्र लगेच काढा. निरोगी फांदीपर्यंत मागे कापत या, काळी माती दोन-तीन इंच खरवडून काढा आणि ती जागा उन्हावाऱ्याला मोकळी ठेवा. कडेची हिरवी झालर तशीच राहू द्या. तिला स्वतःची मुळं असतात, कारण या फांद्या जमिनीला टेकतात तिथे पेरापेरावर मुळं धरतात. मधला भाग गेला तरी झालरीतून गादी पुन्हा भरते.

एक अपवाद सांगते. तीन-चार वर्षांच्या जुन्या गादीचा मधला भाग काहीही न कुजता नुसता उघडा पडतो. फांद्या लाकडासारख्या होतात, पानं फक्त टोकांना राहतात. तो वयाचा परिणाम आहे. तिथे मूठभर खडीमिश्रित माती टाकून आजूबाजूच्या फांद्या आत वळवून दाबल्या की एका उन्हाळ्यात काम होतं.

हे रोप मुळात कुठलं

थंडी सोसणारे बहुतेक डेलोस्पर्मा दक्षिण आफ्रिकेच्या पूर्वेकडचे, ड्रॅकेन्सबर्ग पर्वताचे आणि लेसोथोचे. लेसोथो हा अख्खा देश समुद्रसपाटीपासून १,००० मीटरच्या वर आहे. तसा दुसरा देश जगात नाही. क्वाझुलू-नाताळमधून लेसोथोत चढणारी सानी खिंड जवळपास २,९०० मीटरपर्यंत जाते. तिथे हिवाळ्यात कडक थंडी पडते, बर्फही पडतं. म्हणजे थंडीचा सराव या रोपांना पिढ्यान्‌पिढ्या आहे.

पण तिथला पाऊस उन्हाळ्यात पडतो. हिवाळा थंड आणि कोरडा. रोप उन्हाळ्यात पाणी पिऊन वाढतं, हिवाळ्यात पानातलं पाणी कमी करून आक्रसतं आणि खडकांच्या फटीत कोरड्या मुळांवर झोपतं. मार्चमधली सुरकुतलेली पानं ही त्याची थंडीची तयारी असते. नेमक्या त्या वेळी मुळाशी गार पाणी साचलं तर त्याला ते वापरताही येत नाही आणि टाळताही येत नाही.

याउलट केपटाउनच्या बाजूला पाऊस हिवाळ्यात पडतो आणि थंडी सौम्य असते. लॅम्प्रॅन्थसचे बरेचसे प्रकार त्या पट्ट्यातले. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पसरलेला कार्पोब्रोटसही दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याचाच. तिथे तर तो स्थानिक वनस्पतींवर अतिक्रमण करतो. दुकानात या सगळ्यांना एकच नाव मिळतं, आइस प्लांट. डेन्व्हरच्या जमिनीत मात्र लॅम्प्रॅन्थस आणि कार्पोब्रोटस पहिल्याच कडक थंडीत जातात. ते वाचवण्याचा मार्ग म्हणजे कुंडी घरात घेणं.

डेन्व्हर या रोपांना मानवलं यात नवल नाही. उंची १,६०९ मीटर, वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून साधारण १५ इंच, हिवाळ्यात भरपूर ऊन. डेन्व्हर बोटॅनिक गार्डन्समध्ये खडकबाग उभी करणाऱ्या पानायोटी केलायडिस यांनी ही रोपं इथल्या बागांमध्ये रुजवली. केलायडिस १९८० मध्ये त्या बागेत रुजू झाले. त्यांच्या नावाची एक जातही आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

पाणी येतं कुठून

इथे पाऊस इतका कमी, मग ओल कुठून? हा प्रश्न मी स्वतःला बराच उशिरा विचारला. एका मार्चमध्ये रोज सकाळ-संध्याकाळ वाफ्याभोवती फिरले, तेव्हा उत्तरं दिसायला लागली.

पहिलं उत्तर ड्राइव्हवेचं. बर्फ पडलं की फावड्यानं ते ओढून आपण कडेच्या वाफ्यावर टाकतो आणि आइस प्लांट नेमका ड्राइव्हवेच्या कडेला लावलेला असतो. आकाशातून पडलेलं भुसभुशीत बर्फ रोपाला त्रास देत नाही, उलट कोरड्या वाऱ्यापासून वाचवतं. फावड्यानं रचलेला ढीग वेगळा. तो दाबलेला असतो, त्यात रस्त्यावरचं मीठ असतं आणि बाकी अंगण कोरडं झालं तरी तो दोन-तीन आठवडे हटत नाही. दिवसा त्याच्या तळातून पाणी झिरपतं, रात्री ते रोपाभोवती गोठतं. मार्च हा डेन्व्हरचा सर्वाधिक बर्फाचा महिना, आणि त्याच सुमारास रोप जागं होऊ लागलेलं असतं. आता आम्ही बर्फ लॉनवर टाकतो. घरातल्या सगळ्यांना कळावं म्हणून वाफ्याच्या चार कोपऱ्यांना नारिंगी काठ्या रोवल्या आहेत.

दुसरं पन्हळ. छतावरचं सगळं वितळलेलं पाणी एका नळीतून ज्या ठिकाणी उतरतं, तिथून पाच-सहा फुटांत आइस प्लांट लावू नका. नळीचं तोंड वळवता येत असेल तर आधी ते करा.

तिसरं स्प्रिंकलर. लॉनसाठी लावलेलं वेळापत्रक आइस प्लांटच्या वाफ्यालाही भिजवतं आणि ऑक्टोबरपर्यंत चालू राहतं. या रोपाला सप्टेंबरच्या मध्यापासून पाणी कमी करत न्यायला हवं, म्हणजे थंडी येईपर्यंत पानं आक्रसतात. भरल्या पानांनी थंडीत शिरलेलं रोप काकडीसारखं फुटतं.

चौथं लाकडी भुसा. इथे सगळे वाफे लाकडाच्या चिप्सनी झाकायची पद्धत आहे, पण आइस प्लांटच्या मानेभोवती, म्हणजे खोड मातीला मिळतं तिथे, त्या ओल्या गोणपाटासारख्या बसतात. त्यांच्या जागी बारीक खडी हवी.

पाचवं कारण डोळ्यांना दिसत नाही. रोपवाटिकेतलं रोप पीटमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या दलदलीतल्या शेवाळाच्या चुऱ्यात वाढलेलं असतं. ते तसंच्या तसं जमिनीत ठेवलं की मुळांभोवती एक स्पंज राहतो. आजूबाजूची माती कोरडी आणि मधला गोळा ओला. शिवाय मुळंही त्या गोळ्यातच फिरत राहतात. मी आता लावण्याआधी बादलीत मुळं धुते, निम्म्याहून जास्त पीट काढून टाकते आणि उघडी मुळं खडीमिश्रित मातीत पसरवते. पहिल्यांदा करताना हात थरथरतो, पण रोप दोन दिवस मलूल राहून सावरतं.

मारते ती ओलच, याचा पुरावा २२ डिसेंबर २०२२ च्या थंडीनं दिला. त्या दिवशी डेन्व्हरचं तापमान उणे २४ फॅरेनहाइटपर्यंत, म्हणजे उणे ३१ अंश सेल्सियसच्या आसपास उतरलं. त्याआधी एका तासात ३७ फॅरेनहाइट अंशांनी पारा घसरला होता. माझ्याकडे त्या वेळी एकाच पिवळ्या रोपाची कटिंग दोन ठिकाणी लावलेली होती. खडीच्या उंचवट्यावरची गादी वसंतात जशीच्या तशी उठली. पन्हळीपासून तीन फुटांवरची काळी पडून गेली. रोप एक, थंडी एक, फरक फक्त पाण्याचा.

वाफा कसा सुधारायचा

डेन्व्हरच्या पट्ट्यातली बरीच माती चिकण आहे. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. सोलापूर-मराठवाड्याकडचं काळं रान ज्यांनी पाहिलंय त्यांना तिचा स्वभाव सांगायला नको. या मातीत बहुतेक जण जी चूक करतात ती मीही केली. दीड फूट खोल खड्डा खणला, त्यात खडी-वाळू भरली, वर रोप लावलं. चिकणमातीतला तो खड्डा हौद झाला. आजूबाजूचं सगळं पाणी त्या सैल खडीत उतरलं आणि तळाला बसून राहिलं. चिकणमातीत थोडी वाळू कालवणंही कामाचं नाही. ते मिश्रण वाळल्यावर विटेसारखं घट्ट होतं.

उपाय खाली जाण्यात नाही, वर चढण्यात आहे. जमीन फक्त काट्यानं सैल करा आणि तिच्यावर आठ ते बारा इंच उंच ढीग रचा. माझं प्रमाण असं: निम्मी बारीक खडी, मटाराच्या दाण्याहून लहान, पाव भाग जाड वाळू, पाव भाग तिथलीच माती. शेणखत, कंपोस्ट काहीही नाही. आपल्याला रोपाला पोसायची सवय असते, इथे हात आखडता घ्यायचा. खतानं पानं रसरशीत होतात, फुलं कमी येतात आणि थंडी सोसत नाही. ढिगाला दक्षिणेकडे उतार द्या. रोप लावल्यावर वर एक-दोन इंच खडी पसरा आणि पानांच्या खाली, मानेभोवती हातानं सरकवून बसवा. पानं ओल्या मातीला टेकणार नाहीत इतकं झालं म्हणजे पुरे.

लावायचा काळ मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत. सप्टेंबरमध्ये दुकानात ही रोपं निम्म्या किमतीत मिळतात, तो मोह टाळा. मुळं धरायला वेळ मिळत नाही आणि हिवाळ्यात जमीन गोठते-सुटते तशी रोपं खालून उचलली जातात. तसं एखादं वर आलेलं दिसलं तर दुपारी जमीन मऊ असताना दाबून बसवा.

उन्हाळ्यात मात्र पाणी तोडू नका. इथे दुसऱ्या टोकाची चूक होते. कोरड्या हवेचं रोप म्हणून लोक जुलैत त्याला तहानलेलं ठेवतात. लेसोथोचा पाऊस उन्हाळ्याचा, हे विसरायचं नाही. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर, रुजल्यावर दहा-पंधरा दिवसांनी एकदा.

न्यू जर्सी, शिकागो, टोरोंटोकडच्या लोकांचा हिवाळा आमच्याहून खूप ओला. तिथे फक्त खडीचा ढीग पुरत नाही. दगडी भिंतीचा माथा, पायऱ्यांच्या फटी, खोल दगडी कुंडी अशा जागा शोधा. नोव्हेंबर ते मार्च वर एक पारदर्शक पत्रा तिरका ठेवा, चारी बाजू उघड्या. झाकण पाण्यासाठी आहे, उबेसाठी नाही, म्हणून वारा आत खेळला पाहिजे.

जागा बरोबर असूनही मेलं तर: नाव तपासा

माझ्या ओळखीच्या एका काकूंनी सगळं वर सांगितल्याप्रमाणे केलं, तरी अर्धी रोपं गेली. गेलेली सगळी एकाच ट्रेमधली होती. लेबलवर फक्त आइस प्लांट, मिश्र रंग. ट्रेमधलं वाळकं बोंड बघितलं तेव्हा उलगडा झाला.

ते बोंड काय सांगतं ते लिहिते, कारण ओळख पटवायचा इतका सोपा आणि सुंदर मार्ग मला दुसरा माहीत नाही. फूल गळाल्यावर देठावर मसुराएवढं तपकिरी बोंड वाळतं. ते बशीत ठेवून त्यावर पाण्याचे चार थेंब टाका. काही मिनिटांत त्याच्या पाकळ्या उलगडतात आणि पाच टोकांची चांदणी तयार होते. वाळलं की परत मिटतं. पाऊस आला तरच बी बाहेर पडावं अशी ही व्यवस्था. पावसाच्या थेंबाच्या आघातानंच बी उडतं. आता भिंगातून बघा. डेलोस्पर्माच्या उघडलेल्या कप्प्यात बी उघडं, थेट नजरेला दिसतं. नावाचा अर्थच तो: ग्रीकमध्ये डेलोस म्हणजे उघड, स्पर्मा म्हणजे बी. लॅम्प्रॅन्थसच्या कप्प्यांवर पातळ पापुद्र्याचं छप्पर असतं, बी झाकलेलं राहतं. मॅलेफोरा या आणखी एका भाईबंदाच्या बोंडात पाचाहून बरेच जास्त कप्पे असतात. कार्पोब्रोटसचं फळ गरदार, ते असं उघडतच नाही. काकूंच्या बोंडावर छप्पर होतं. थंडीनं मेली ती रोपं लॅम्प्रॅन्थसची.

ब्रिटनमधल्या वाचकांनी आणखी एक सांभाळायचं. तिथे आइस प्लांट म्हटलं की लोक गुलाबी तुऱ्यांचं सेडम दाखवतात. ते वेगळ्याच कुळातलं आहे. आणि भारतात हिवाळी बहरासाठी आइस प्लांट म्हणून ज्याचं बी मिळतं ते एका हंगामाचं फूल. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलून संपतं. पुण्याच्या बहिणीनं विचारलं होतं की तुझी रोपं इकडे जगतील का. तिला मी चिनी गुलाबच लाव म्हणाले. फूल उन्हातच उमलणार, रंग तितकेच झगझगीत, आणि कुंडी पावसाच्या आडोशाला ठेवली की झालं.

डेलोस्पर्मा नक्की झाला की पुढचा प्रश्न कोणता. इथे पान आधी बघा, फूल नंतर. फुलाचा रंग सगळ्यात जास्त फसवतो.

कूपरीचं पान लांबट, जवळजवळ दंडगोल, आणि त्यावर खडीसाखरेचा चुरा भुरभुरल्यासारखे चमकणारे फुगे. या पाणीदार पेशींमुळेच पान बर्फाळलेलं दिसतं आणि कुळाला आइस प्लांट नाव पडलं. फूल भडक जांभळं-गुलाबी, जूनपासून थंडी पडेपर्यंत. फांद्या सैल, पसरणाऱ्या. थंडी सोसण्यात हा मधला. डेन्व्हरमध्ये चांगल्या निचऱ्यात टिकतो, त्याहून थंड गावात भरवसा नाही.

पिवळ्या फुलांचे प्रकार जमिनीला घट्ट चिकटून वाढतात. पान आखूड, जाड, गवतासारखं हिरवं, फुगे फारसे चमकत नाहीत, हिवाळ्यात लालभडक. मेमध्ये एकदम डवरतात, मग अधूनमधून. यांवर न्युबिजेनम, बासुटिकम, कंजेस्टम ही तीन नावं दुकानदार सर्रास अदलाबदल करून लावतात. बागेपुरता त्याचा त्रास नाही, कारण या गटातली रोपं थंडीला सगळ्यांत पक्की आहेत. नवशिक्यांना मी इथूनच सुरुवात करायला सांगते.

केलायडिस ही जात दुकानात मेसा व्हर्दे नावानं मिळते. फूल कोळंबीच्या रंगाचं, फिकट केशरी-गुलाबी. डेन्व्हर बोटॅनिक गार्डन्समध्येच ती आपसूक उद्भवली. टेबल माउंटन जांभळ्या-गुलाबी फुलाची आहे, म्हणून कूपरीशी तिचा कायम घोळ होतो. तिची गादी कूपरीपेक्षा आटोपशीर आणि थंडीला ती अधिक चिवट. कुणी सांगितलं की आमचा कूपरी उणे ३० ला वाचला, तर मी आधी पानाचा फोटो मागते. स्टारबर्स्टचं फूल गुलाबी, मधे पांढरं. गादी पसरत नाही, झुबका होतो. ते रोप फार वर्षं जगत नाही, पण बी टाकून स्वतःची सोय करतं. त्यामुळे ते गेलं की आपली चूक समजू नका, आजूबाजूच्या खडीत पिल्लं शोधा.

फायर स्पिनरवर सर्वांत जास्त तक्रारी येतात. बाहेर नारिंगी, आत किरमिजी, मधोमध फिकट, असं तिरंगी फूल बघून २०१२ पासून, म्हणजे बागेसाठी रोपं निवडून देणाऱ्या प्लांट सिलेक्ट या संस्थेनं ते बाजारात आणल्यापासून, लोक वेडे झालेत. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप भागातून ते आलं. तक्रार अशी की जुलैत फूलच नाही. ते बिघडलेलं नसतं. त्याचा मुख्य बहर मे-जूनचा, पुढे क्वचित. उन्हाळाभर रंग हवा असेल तर शेजारी कूपरी किंवा टेबल माउंटन लावा.

संकरांचं गणित वेगळं. जपानमधून आलेली ज्वेल ऑफ डेझर्ट मालिका आणि व्हील्स ऑफ वंडर मालिका, दोन्हींची फुलं मोठी, दुरंगी, मधे पांढरं चक्र. त्यांत अनेक जातींचं रक्त मिसळलंय. एकाच मालिकेतला पिवळा आणि लाल प्रकार थंडी सारखीच सोसतील असं समजू नका. माझ्याकडे एकाच मालिकेतल्या चार रंगांपैकी दोन पाच वर्षं टिकलेत आणि दोन पहिल्याच हिवाळ्यात गेले, चारही एकाच ढिगावर होते. रोप किती थंडी सोसेल ते सांगणारा लेबलवरचा झोन हा अंदाज समजा. पहिल्या वर्षी प्रत्येक रंगाचं एकच रोप घ्या.

आणि बागेत स्वतःहून उगवलेली पिल्लं ही नावाची राहत नाहीत. दोन-तीन जाती शेजारी असल्या की मधमाश्या परागकण मिसळतात. केलायडिसखाली उगवलेलं रोप केलायडिस म्हणून मैत्रिणीला देऊ नका. ते फुलेपर्यंत थांबा, आवडलं तर स्वतंत्र ठेवा, नाव लिहू नका. फक्त कुठल्या रोपांमध्ये उगवलं ते लिहा. लेबलांचा आजचा गोंधळ अशाच प्रेमानं दिलेल्या रोपांतून वाढलाय. पिल्लं ओळखताना घोळ ही भाजी आणि आइस प्लांट यांच्यात गल्लत होते, कारण आपली ही घोळ इथल्या वाफ्यांतही तणासारखी उगवते. घोळीचं खोड लालसर, गुळगुळीत, पान चपटं. डेलोस्पर्माच्या पिल्लाचं पान जाड, आणि उन्हात तिरकं धरलं की बारीक चमक दिसते.

फुलंच नाहीत

हे लवकर संपणारं प्रकरण आहे. सहा तास थेट ऊन मिळतं का? नसेल तर जागा बदला. खत घातलंय का? थांबवा. ढगाळ दिवशी किंवा सकाळी आठला बघता का? फुलं मिटलेली असतात, दुपारी बघा. ही तिन्ही कारणं नसतील तर जात वसंतातच फुलणारी असणार.

ऑगस्टमधलं काम

वाफा कितीही चांगला असला तरी एखादा हिवाळा भारी पडतो. म्हणून जी जात परत मिळणार नाही असं वाटतं तिची कटिंग मी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात घेते. फूल नसलेली दोन-तीन इंचांची टोकं कापायची, खालची पानं काढायची, सावलीत एक-दोन दिवस ठेवून जखम वाळू द्यायची. मग ओलसर जाड वाळू आणि परलाइटमध्ये खोचायची. दोन-तीन आठवड्यांत मुळं येतात. हिवाळाभर दक्षिणेच्या खिडकीत, पाणी महिन्यातून दोनदा, तेही थोडं. नव्या जातींपैकी बऱ्याच पेटंट घेतलेल्या असतात. अमेरिकेत वनस्पतीचं पेटंट अर्जापासून २० वर्षं चालतं आणि तोवर कटिंगनं वाढवायला मनाई असते, तेव्हा लेबलाची मागची बाजू आधी वाचा.

ट्रेमध्ये प्रत्येक ओळीला नाव, तारीख आणि कुठल्या ढिगावरून घेतली ते पेन्सिलीनं लिहा. शाईचं लेबल इथल्या उन्हात एका उन्हाळ्यात कोरं होतं.